आधी मूळ, मग नाळ

अंगदनं जीप चालू करून ठेवली होती आणि गोपिकाबाई अजून तृप्तीच्या वेणीशी झटत होती. कळ आली की तृप्ती दाराची चौकट घट्ट धरायची, वेणी आजीच्या हातातून निसटायची आणि आजी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. शालू कपड्यांची पिशवी काखेला लावून हा प्रकार बघत उभी होती. ती गावची आशाताई. गावातल्या कितीतरी बाया तिनं समजावून, दटावून, प्रसंगी शिव्या घालून वेळेवर दवाखान्यात पोचवल्या होत्या. आज पोटच्या पोरीची वेळ आली, तर खुद्द तिच्याच दारात हा तमाशा चालला होता.

सासूच्या हातात काय आहे ते तिला न बघताच माहीत होतं. उटकटारीचं मूळ. बोटाएवढं, काळ्या लोकरीच्या धाग्यात गुंडाळलेलं.

"आत्याबाई, सोडा तिला," शालू म्हणाली. "द्या इकडं ते. मी बांधते तिथं गेल्यावर."

गोपिकाबाईनं सुनेकडं पाहिलं. इतक्या वर्षांत शालूनं त्या मुळाला कधी बोट लावलं नव्हतं आणि आज आपण होऊन हात पुढं केला होता. खरं तर म्हातारीला संशय यायला हवा होता. पण माणसाला जे ऐकायचं असतं ते कुणी म्हटलं की ते त्याला लगेच खरं वाटतं. तिनं मूळ शालूच्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात दाबून धरला.

"कळा वाढल्या की बांध. डाव्या अंगाला, कानाच्या मागं. अन सोडायला इसरू नको, शालू. लेकरू बाहेर आलं की आधी मूळ, मंग नाळ. सोडलं की मला सांगावा धाड, अन मूळ माघारी आण. मी बसून राह्यते तंवर."

शालू व्हय व्हय म्हणाली आणि पोरीला जीपमध्ये चढवून तिच्या शेजारी बसली. सासूचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. म्हातारी तशीही दिवसभर बसूनच तर असते, असं तिला वाटलं.

जीप गिरजेच्या पुलावर आली तशी शालूनं खिडकीची काच खाली केली आणि मूळ नदीत भिरकावून दिलं. तृप्तीनं ते बघितलं, पण कळांपुढं तिला काही विचारायची सवड नव्हती. तिच्या नवऱ्यानं, अंगदनं आरशातून बघितलं आणि न बघितल्यासारखं करून गिअर बदलला. त्याचं हे जन्माचंच होतं. आईसमोर आईचं खरं, बायकोसमोर बायकोचं, आणि दोघी एकमेकींसमोर आल्या की ह्याला जीपचं काहीतरी काम निघायचं. शालूनं त्याच्याकडून आशा ठेवायचं फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

उटकटारी म्हणजे कुणी फार मोठी वनस्पती लागून गेली नव्हती. नदीकाठच्या वाळूत, जिथं दुसरं काही यायला तयार नसतं तिथं ही येणार. पान काटेरी, खोड काटेरी, आणि फूल म्हणजे तर काट्यांचा चेंडूच. उंट आवडीनं खातो म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात, आणि इकडं उंट कुणी पाळत नाही म्हणून ती फुकट वाढते. पण गोपिकाबाईच्या घरात तिचं कौतुक सोन्यापेक्षा जास्त. मुळाची पूड केसांत चोळली की उवा मरतात. मेंढराच्या जखमेत किडे पडले की तीच पूड दाबायची. खोकला आला की काढा. आणि बाई अडली की मूळ केसांत. सासरा धुळाजी होता तोवर तो अडलेल्या मेंढीच्या गळ्यातसुद्धा हेच मूळ बांधायचा. मेंढीला आणि सुनेला एकच औषध, हे शालूनं नवी नवरी असताना ऐकलं आणि तेव्हाच तिच्या मनात या घराची किंमत ठरून गेली.

शिवाय मूळ काढायचा थाट बघावा. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर झाडापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं, ज्वारीचे दाणे ठेवायचे आणि उद्या न्यायला येते म्हणून त्याला आवतण द्यायचं. सकाळी कुणाशी न बोलता निघायचं. लोखंड लावायचं नाही, लाकडाच्या खुंटीनं उकरायचं. मूळ मोडू द्यायचं नाही की भुईला टेकू द्यायचं नाही. मग धुळाजीच्या घोंगडीच्या काठातून काळ्या लोकरीचा एक धागा ओढायचा आणि त्यानं बांधायचं. धुळाजी गेला, मेंढरं विकली, घोंगडी तेवढी राहिली, आणि गावच्या लेकराबाळांपायी तिचा एक काठ पार झिरझिरीत होऊन गेला होता.

गावाचा तर शालूला आणखीनच राग यायचा. बाईला दवाखान्यात न्यायची शालूनं, सलाईन लावायचं सिस्टरनं, टाके घालायचे डॉक्टरनं, आणि घरी आल्यावर खण-नारळ गोपिकाबाईच्या ओटीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. या गावात मात्र एकूण एक फांदी म्हातारीच्याच कावळ्यानं मोडलेली होती. मोबाइलवर जगभरच्या गप्पा मारणारी पोरं बायकोचे दिवस भरले की गुपचूप म्हातारीच्या ओट्याशी येऊन उभी राहायची. शालू घरात असली तर चहा प्यायला आलो म्हणायची. शालू त्यांना साखर न घातलेला चहा द्यायची.

हा तिरस्कार तिनं हौसेनं पाळलेला नव्हता. शालूला आई नव्हती, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच आलं. कळा सुरू झाल्या, गोपिकाबाईनं केसांत मूळ बांधलं आणि सगळं घर निर्धास्त झालं. तो दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उगवला. शेजारणी म्हणाल्या, गाडी बघा. गोपिकाबाई म्हणाली, उटकटारी बांधलीय, आता होतंय. अंगद ओट्यावर विड्या फुंकत बसला होता. होतंय होतंय म्हणता म्हणता जे झालं ते रडलं नाही. शालूनं तर ते पाहिलंही नाही, तिची शुद्ध हरपली होती. शुद्धीवर आली तेव्हा ती जालन्याच्या एका दवाखान्यात होती आणि उशाशी एक सिस्टर कात्री घेऊन उभी होती. केसांत गुंतून बसलेलं मूळ तिनं केसांसकट कापलं, दोन बोटांत धरून दुसरीला दाखवलं आणि म्हणाली, डोक्यात झाडझुडूप बांधून येतात बघ. दोघी हसल्या. मूळ कचऱ्याच्या बादलीत गेलं.

लेकराचं दुःख शालूला नंतर कळलं. आधी कळली ती लाज. त्या सिस्टरचा तिला कधी राग आला नाही, उलट ती मनानं तिच्याच बाजूला जाऊन उभी राहिली. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणच सामील झालं की हसणं टोचत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग बऱ्याच वर्षांनी तृप्ती झाली, ती दवाखान्यात. आशाचं काम निघालं तेव्हा गावात सगळ्यात आधी शालूनं नाव दिलं आणि कामात कधी कसूर केली नाही. पण बायांशी बोलताना तिच्या आवाजात ती कात्रीवाली सिस्टर यायची. बाया तिला मानायच्या, घाबरायच्या, आणि वाट्याला जायच्या नाहीत.

गोपिकाबाई त्या लेकराबद्दल पुन्हा कधी चकार शब्द बोलली नाही. चुकलं म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही. घरात कुणाला मूळ बांधायचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही एवढंच, गावाला मात्र देत राहिली. बोलत नाही म्हणजे हिला त्याचं काहीच नाही, असं शालूनं धरून घेतलं आणि तसंच ठेवलं. आता नातीसाठी म्हातारीनं पहिल्यांदाच पुन्हा घरच्या बाईला मूळ काढून आणलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच, असं शालूला वाटलं.

भोकरदनच्या दवाखान्यात तृप्तीला दुपारपर्यंत पोरगी झाली. सरळ, सोपी, वेळेवर. मूळ नदीत पडलेलं आणि इकडं पोरगी छत डोक्यावर घेऊन रडत होती. शालूला याच्यापेक्षा मोठा पुरावा नको होता. हा पुरावा घरी जाऊन म्हातारीच्या तोंडासमोर कसा धरायचा, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. तिनं शेजारच्या बेबीनंदाला फोन करून, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं घरी सांगायला सांगितलं. मग दैवशाला नावाची तिथली सिस्टर चहा घेऊन आली. तिनं शालूला बरोबरीनं खुर्ची दिली होती आणि त्या खुर्चीचं शालूला फार अप्रूप होतं.

चहा अर्धा झाला तोच बेबीनंदाचा फोन आला. म्हातारी विचारते आहे, सोडलं का.

सिस्टर समोर बसली होती. "काय सोडलं?" तिनं सहज विचारलं.

"काही न्हाई, गाय," शालू म्हणाली. "गाय सोडली का म्हणून इचारून राह्यल्या घरून." आणि बेबीनंदाला नंतर बोलते म्हणून तिनं फोन कापला. एक शब्द म्हणायचा होता, सोडलं. तो दैवशालासमोर म्हणायची तिला लाज वाटली. नंतर तृप्तीची सासू आली, पेढे आले, पोरगी कुणावर गेली यावर बोलणी झाली आणि तो फोन राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदानं पुन्हा फोन केला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "वैनी, आत्याबाईनं कालपासून पाण्याचा घोट घेतला न्हाई. केस मोकळे सोडून ओट्यावर बसल्यात. भाकर नेली तर तोंड फिरवलं. गोळ्या बी घेतल्या न्हाईत. काहून म्हणून इचारलं तर बोलत न्हाईत."

नाटकं, असं शालूच्या मनात पहिल्यांदा आलं. पण म्हातारीला रक्तदाबाची गोळी होती, साखरेची गोळी होती, आणि दोन्ही शालूच आणून द्यायची. एवढ्या वयाचं माणूस उपाशी, बिनपाण्याचं आणि बिनगोळीचं बसलं तर काय होतं ते आशाताईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं अंगदला सांगितलं. तो म्हणाला, तूच जा, तुझंच ऐकती ती. उभ्या आयुष्यात म्हातारीनं शालूचं एकदाही ऐकलं नव्हतं. जीप दवाखान्याशी असू द्यावी म्हणून शालू तृप्तीला तिच्या सासूच्या स्वाधीन करून एसटीनं हसनाबादला आली आणि तिथून रिक्षात बसली.

रिक्षात तिच्या डोक्यात कालचं वाक्य शिरलं. मी बसून राह्यते तंवर. सोडल्याचा सांगावा येईपर्यंत, मूळ परत येईपर्यंत. म्हणजे मूळ काढणारीनं केस बांधायचे नाहीत, अन्नपाणी घ्यायचं नाही. गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला म्हातारी हेच करत आली असणार, आणि एकाच घरात राहून शालूनं ते कधी बघितलं नव्हतं. ती तेव्हा दवाखान्यात असायची. घरी यायची तोवर म्हातारीनं अंबाडा घालून भाकरी थापायला घेतलेली असायची.

मूळच पाहिजे ना, मग घेऊन जाऊ, असं ठरवून शालू पुलावरच उतरली. आधी तिनं फेकलेलं मूळ दिसतं का ते बघितलं. खाली शेवाळलेलं पाणी आणि वेड्या बाभळी होत्या. गिरजेत वाळू उरली नव्हती. ती कधीच ट्रॅक्टरात बसून गावोगावच्या बंगल्यांना निघून गेली होती, आणि ज्यांच्या दारात वाळूचे सगळ्यात मोठे ढीग तेच चावडीवर नदी वाचवायच्या गप्पा हाणत होते. वाळूचा एक पट्टा फक्त मसणवट्याच्या कडेला शिल्लक होता. भुतांच्या भीतीनं तेवढा वाचला होता. माणसांच्या भीतीनं कणभरही वाचला नव्हता.

उटकटाऱ्या तिथंच होत्या. निळसर पांढरे गोल चेंडू उन्हात ताठ उभे होते आणि त्यांच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. एका ठिकाणी उकरलेला लहानसा खड्डा दिसला. कडेला कुंकवाचा डाग होता आणि ज्वारीचे दाणे मुंग्या ओढून नेत होत्या. इथवर गुडघे दुखणारी म्हातारी दोनदा चालत आली होती, एकदा आवतण द्यायला आणि एकदा न्यायला. शालूनं तिकडून नजर काढून घेतली आणि एका झाडाला हात घातला.

हळद नव्हती, दाणे नव्हते, खुंटी नव्हती. तिनं चपटा दगड घेऊन वाळू ओढली. पानाचे काटे तळहातात घुसले. जोर लावला तशी मूळ अर्ध्यात मोडलं. दुसऱ्या झाडाचं निघालं, पण तोवर दोन्ही हातांतून रक्त येत होतं. एवढी शिकलीसवरलेली, हाताखालून शेकडो बाया काढलेली बाई मसणवट्यात गुडघ्यांवर बसून काटे उपटते आहे, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल, या विचारानं ती आणखी चिडली. मूळ पदरानं पुसून ती तडक घरी आली.

गोपिकाबाई ओट्यावर बसली होती. भिंतीला टेकलेली नव्हती, सरळ बसली होती. पांढरे विरळ केस खांद्यांवर मोकळे, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. बेबीनंदा भरला तांब्या घेऊन शेजारी उभी होती. शालूनं तांब्या घेतला आणि तिला घरी पाठवलं.

"सोडलं का?" म्हातारीनं विचारलं. आवाज पार कोरडा झाला होता.

"सोडलं. लेकरू झाल्याबराबर सोडलं," शालू म्हणाली आणि मूळ तिच्या हातावर ठेवलं.

गोपिकाबाईनं ते उन्हाकडं धरून बघितलं, फिरवलं, मग नाकाशी नेलं. धागा कुठं गेला असं तिनं विचारलं नाही.

"ह्याला डोक्याचं तेल लागलं न्हाई," ती शेवटी म्हणाली.

तिनं मूळ मांडीवर ठेवलं आणि पुन्हा समोर बघत बसली. तांब्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग शालूच्या तोंडाचा पट्टा सुटला. फेकलं, काल पुलावरूनच फेकलं, असं ती म्हणाली. बांधलं नाही, सोडलं नाही, आणि काही बिघडलं नाही. पोरगी ठणठणीत आहे, पोरीची माय ठणठणीत आहे. झाडाच्या मुळानं लेकरं होत नसतात, मुळानं माणसं फक्त मरतात, आणि आता तुम्ही मरायला बसला आहात. भोकरदनच्या खुर्चीत बसून जुळवलेली सगळी वाक्यं तिनं एकापाठोपाठ एक म्हातारीपुढं टाकली. म्हातारी ऐकत होती. पोरगी ठणठणीत आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली, बाकीच्याला नाही.

"आवतण देऊन आणलेलं मूळ माघारी आलं न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या येळंला बी असंच झालं."

"माझ्या येळंला काय झालं?"

"सोडायचं मीच इसरले." गोपिकाबाई मांडीवरच्या मुळाशी बोलत होती. "लेकरू रडंना, तू हालंना. मी त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारून राह्यले. नाळ कापून टाकली. मूळ तसंच राह्यलं तुझ्या डोक्यात. तुला गाडीत घातलं तव्हा ध्यानात आलं, पर गाडी गेल्ती. आधी मूळ, मंग नाळ. मी उलटं केलं. म्हणून गेलं ते."

शालू उभी होती ती ओट्याच्या कडेला टेकली. इतकी वर्षं तिला एकच गोष्ट ऐकायची होती, या बाईनं चुकलं म्हणावं. आज ती म्हणाली होती, आणि काय चुकलं म्हणाली होती. गाडी बोलावली नाही हे नाही, होतंय होतंय करत दिवस घालवला हे नाही, तर डोक्यातलं मूळ सोडायचं राहिलं हे. इतका अडाणी पश्चात्ताप शालूनं जन्मात बघितला नव्हता. मुळानं नाही, उशिरानं गेलं ते, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. हे वाक्य तिनं वर्षानुवर्षं धार लावून ठेवलं होतं आणि आज त्याची वेळ आली होती.

ती म्हणाली नाही. म्हणून काय होणार होतं? शिक्षा तर म्हातारीनं कधीच घेतली होती, फक्त भलत्याच गुन्ह्याची. गावातल्या प्रत्येक बाईच्या वेळी ती उपाशी बसत होती ते यासाठी, आणि शालू समजत होती की हिला काहीच वाटत नाही. तिला म्हातारीची कीव आली आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

तिनं तांब्या उचलून म्हातारीच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच राहिले. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. शालूनं गोळी पुढं केली. म्हातारीनं मान फिरवली. दवाखान्यात नेऊन सलाईन लावू म्हटलं तर ती म्हणाली, ने, पर सुई मी काढून फेकीन. ती खरंच काढून फेकेल याबद्दल शालूच्या मनात शंका नव्हती. तिच्या हाताची नाडी शालूनं बघितली. ती बारीक आणि भराभर चालली होती.

शालूनं तांब्या खाली ठेवला. डोक्यातल्या पिना काढल्या, अंबाडा सोडला आणि म्हातारीकडं पाठ करून तिच्या पुढ्यात, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"बांधा," ती म्हणाली.

तिनं मोकळे केस पाठीवर झटकले.

"माझंच राह्यलं ना सोडायचं? मंग बांधा, अन सोडा एकदाचं. अन पाणी प्या." गावातल्या हटवादी बायांना दटावताना असायचा तोच तिचा आवाज होता, फक्त जरा घोगरा झाला होता. "जल्दी करा. मला पोरीकडं जायचं हाय."

म्हातारी हळूहळू उठली. भिंत धरत आत गेली, आणि शालूला घोंगडीच्या काठातून धागा ओढल्याचा आवाज आला, इतकं घर शांत होतं. ती परत येऊन मागं बसली. तिची वाळलेली बोटं शालूच्या केसांत शिरली, डाव्या अंगाला, कानाच्या मागं. एक बट वेगळी केली. मूळ लावलं. धाग्याचे वेढे घेतले आणि गाठ मारली. शालू तोंड आवळून समोरच्या रस्त्याकडं बघत होती. रस्त्यानं जाणारी बेबीनंदाची म्हैससुद्धा तिला आत्ता नको होती.

गाठ मारून झाल्यावर म्हातारीचा हात तसाच थांबला. मग तिनं गाठ सोडायला घेतली. ती लगेच सुटली नाही. लोकर केसांत गुंतली होती. पण तिनं ओढलं नाही, केस तोडला नाही, एक एक वेढा उलटा काढत गेली. त्या कात्रीची आठवण शालूला का आली ते तिला कळलं नाही. तिनं डोळे मिटले.

मूळ सुटलं. म्हातारीनं ते नाकाशी नेऊन हुंगलं, शालूच्या पाठीला तिचा श्वास जाणवला.

"लई केस व्हते त्याला," गोपिकाबाई म्हणाली. "काळेभोर. तुझ्यावानी."

हे शालूला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मागं म्हातारी आपले केस गोळा करत होती. तिनं त्यांचा पिळा घातला, गाठ मारली आणि मग तांब्याकडं हात केला. पाणी ती घोट घोट करत प्याली, तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितलं. शालू उठून आत गेली. माठातून तांब्या भरताना फुटलेल्या तळहातांना गार पाणी झोंबलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली, गोळी दिली, दिवस कलेपर्यंत घरात वावरली, दोनदा दवाखान्यात फोन केला. केस बांधायचं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.